कोऱ्या उंदरांची नाकं

रत्नमालाच्या हाताखाली आता चाळीस उंदीर होते. त्याआधी सव्वाशे मेंढरं होती. ही बढती झाली की घसरण, हे तिला ठरवता आलेलं नव्हतं, आणि ठरवत बसायला वेळही नव्हता, कारण उंदरांनाही सकाळी सातला पाणी लागतं.

मेंढरं गेली ती दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी. पिशोरच्या वरच्या माळावर गवताची काडी उरली नाही, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, मुंजाबानं, कळप विकला आणि दोघं शहरात मुकुंदवाडीला येऊन राहिले. मुंजाबाला एका बारा मजली इमारतीच्या कामावर वॉचमनची जागा मिळाली. रत्नमालानं दोन महिने चार घरची धुणीभांडी केली, पण तिचं मन रमेना. मग कुणाच्या तरी ओळखीनं औषधशास्त्राच्या एका कॉलेजात, प्राण्यांच्या खोलीवर, ती कंत्राटी कामाला लागली. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, खाणंपाणी बघायचं. सकाळी दार उघडलं की चाळीस नाकं जाळीला लागायची. आपल्या हाताची कुणीतरी वाट बघतंय, एवढ्यावरच तिला हे शहर सुसह्य झालं होतं. ही जागा गेली तर पुन्हा लोकांची भांडी होती, आणि जनावर बघायचं म्हणजे रस्त्यावरची गाय.

उंदीर कॉलेजचे; पण चार वर्षं त्यांच्या नाकामागे लागलेली पोरगी एकच, सोनिया. वैजापूरकडच्या शेतकऱ्याची लेक, पीएचडी करत होती, वय एकोणतीस. आईचा फोन आला आणि लग्नाचा विषय निघाला की ती फोन पिंजऱ्यावर ठेवून द्यायची आणि उंदरांना ऐकवायची.

"ताई, याच्या नाकाचं काय कापलं?" रत्नमालानं एकदा विचारलं होतं.

"नाक नाही, मावशी. नाकातून मेंदूत वास नेणारे धागे. मध्ये एक चाळणीसारखं हाड असतं, त्याच्या भोकांतून वर जातात. तिथं कापले."

"मंग याला वासच येत नाय?"

"आत्ता नाही. पण येईल, गंमत तीच आहे. पाठीच्या कण्यातली नस तुटली तर ती बहुतेक गेलीच. नाकातले धागे मात्र पुन्हा उगवतात."

"आपोआप?"

सोनियानं खिडकीकडे बोट केलं. समोरचं जुनं गोदाम पाडून तिथं मॉल व्हायचा होता, आणि धूळ थेट पिंजऱ्यांपर्यंत यायची. "ते बघा. आधी जेसीबी येतो, पडकं उचलतो. मग गवंडी येतात. शरीरात हे काम विकरं करतात. एन्झाइम. एका जातीचं विकर पहिल्या दिवसातच वाढतं आणि राडा साफ करायला लागतं. दुसऱ्या जातीचं मागून वाढतं, नवे धागे वाट काढू लागले की. कोणतं कधी वाढतं आणि किती, ते मला मोजायचंय."

"अन् जेसीबी थांबलाच नाय तर?"

"तर शेजारची चांगली भिंतपण पाडतो," सोनिया हसली. "मावशी, हा प्रश्न सरांनी मला विचारायला पाहिजे होता."

चाळीसातल्या चोवीस उंदरांचे धागे कापले होते. उरलेल्या सोळांना नुसती भूल दिली होती, कापलं काहीच नव्हतं. त्यांना सोनिया कंट्रोल म्हणायची. रत्नमाला म्हणायची कोरे. कोऱ्यांच्या मेंदूत विकर वाढता कामा नये. त्यांच्याशी ताडून बघितल्यावरच कापलेल्यांचं खरं काय ते कळणार होतं. कोरे बिघडले तर सगळंच बिघडलं, हे सोनिया इतक्या वेळा बोलली होती की रत्नमाला झाडतानाही ते पुटपुटायची.

त्या एप्रिलमध्ये कॉलेजला टँकर तिसऱ्या दिवशी येऊ लागला. वरून हुकूम आला, पिंजरे धुवायला पाणी निम्मंच मिळेल. म्हणून सोनियानं निम्मे पिंजरे रचून ठेवले आणि उंदीर आठ पिंजऱ्यांत बसवले, प्रत्येकात पाच, तीन कापलेले आणि दोन कोरे. ही वाटणी करून ती मामेबहिणीच्या साखरपुड्याला दोन दिवस वैजापूरला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नमालानं दार उघडलं, तर तीन पिंजऱ्यांत रक्त.

कोरे कापलेल्यांना चावत होते. कुणाची शेपटी कुरतडलेली, कुणाच्या पाठीवरचे केस गेलेले. कापलेले बिचारे कोपऱ्यात एकावर एक चढून बसलेले. कोण अंगावर येतंय, याचा वासच त्यांना येत नव्हता.

यात रत्नमालाला काही नवल वाटलं नाही. हे तर रोजचं होतं, मेंढरांत. दुसऱ्या कळपातली मेंढी आणली की अंगाला परका वास असतो म्हणून तिला टकरा खाव्या लागतात. या उंदरांच्या अंगाला तर औषधाचा वास होता. तिच्या सासऱ्याच्या घरात यावर एक उपाय होता, त्याला ते नाक बांधणं म्हणत. तंबाखू, ओवा आणि लसूण मोहरीच्या तेलात खलायचं आणि मारक्या जनावराच्या नाकपुडीत बोट फिरवायचं. दोन दिवस त्याला आपलं-परकं काही कळत नाही. कळायला लागतं तोवर सवय झालेली असते. आईविना कोकरू दुसऱ्या मेंढीला लावतानाही तिच्या सासूनं हेच केलेलं रत्नमालानं पाहिलं होतं, आणि मेंढी चाटायला लागली की सासू डोळे पुसायची, लसणानं पाणी आलं असं म्हणत.

मुंजाबाची तंबाखू पिशवीत होतीच. ओवा, लसूण आणि तेल कॅन्टीनमधून मिळालं. तीन पिंजऱ्यांतल्या सहा कोऱ्यांना तिनं एकेक करून हातात घेतलं आणि काडीला कापूस गुंडाळून त्यांची नाकं बांधली. शिंकले, पाय झाडले, मग गप्प झाले. दुसऱ्या सकाळी पुन्हा एकदा. दुपारपर्यंत तिन्ही पिंजऱ्यांत पाचही उंदीर एका गठ्ठ्यात झोपलेले होते.

सोनिया परत आली, पिंजरे बघितले आणि म्हणाली, "अरे वा, दोस्ती झाली की यांची!"

"झाली," रत्नमाला म्हणाली आणि हसली.

लपवायचं म्हणून ती गप्प बसली नव्हती. जनावरांच्या अशा बारीकसारीक गोष्टी सांगायच्या असतात, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. खराटा मारला, हे कुणी वर्दी देऊन सांगतं का?

चार दिवसांनी उंदरांचे मेंदू काढले. अशा दिवशी रत्नमाला बाहेर नळाशी जाऊन बसायची, नळाला पाणी असो वा नसो. मग आठवडाभर सोनिया प्रयोगशाळेत होती. तिथं ती जिलेटिनच्या पातळ चकत्या करून त्यात मेंदूतला रस सोडायची आणि चकती निळ्या रंगात बुडवायची. विकर जिथं असेल तिथलं जिलेटिन ते खाऊन टाकायचं, आणि तेवढ्या जागी निळ्यावर पांढरी पट्टी उमटायची. कापलेल्यांना पट्टी यायला हवी होती, कोऱ्यांना नको होती.

कापलेल्यांना आली. सोळांपैकी सहा कोऱ्यांनाही आली.

सोनियानं सगळं पुन्हा केलं. तीच सहा. मग तिनं रसायनं बदलली. मग रंग. मग टँकरच्या पाण्यावर संशय घेतला आणि बाटलीबंद पाणी आणलं. रत्नमालानंही टँकरवाल्याला चार शिव्या घातल्या, कारण मुकुंदवाडीतही त्याच पाण्यानं डाळ शिजत नव्हती. पाणी बदललं तरी तीच सहा.

तात्यासाहेब सर सोनियाचे मार्गदर्शक, निवृत्तीला एक वर्ष उरलेले. त्यांनी चकती उजेडात धरली, खाली ठेवली आणि म्हणाले, "नमुन्यांची अदलाबदल केलीस तू. लेबलं चुकली."

"नाही सर."

"मग ज्यांना हात लावला नाही, त्यांच्या नाकाला इजा कुणी केली? भुतानं? महिनाअखेर पाण्यापायी खोलीला कुलूप लागतंय. उत्तर नसेल तर हे सगळं टाकून द्यावं लागेल, चारही वर्षं."

सोनियानं मग चकत्यांचे फोटो प्राण्यांच्या खोलीतल्या भिंतीवर चिकटवले. प्रत्येक पट्टीखाली उंदराच्या शेपटीवरचा आकडा. ती स्टूल घेऊन त्यांच्यासमोर बसून राहायची. रत्नमालाला अक्षरं लावायला वेळ लागायचा, पण आकडे येत होते. शेपटीवरचे तर पाठ होते. भुसा भरता भरता तिनं भिंतीकडे बघितलं. अकरा. बारा. एकोणीस. वीस. सदतीस. अडतीस.

अकरा म्हणजे डाव्या कानाला खाच असलेला. वीस हातात घेतला की मुतायचा. सदतीस सगळ्यात जास्त शिंकला होता.

तिच्या हातातला भुसा खाली सांडला.

"काय झालं, मावशी?"

"काय नाय. पाय घसरला," उभ्याच असलेल्या रत्नमालानं सांगितलं.

घरी तिनं मुंजाबाला सगळं सांगितलं. तो भाकरी खात होता.

"तू सुई टोचली का?"

"नाय."

"ब्लेड लावलं?"

"आवं नाय. तेल लावलं. आपल्या घरचं."

"मंग झालं तर. इतक्या पिढ्या लावायलोत, एक तरी मेंढी मेली का त्यानं?" त्यानं ताटातली चटणी बोटानं पुसून घेतली. "तू त्वांड उघडलं की उद्या त्या पोरीचं सगळं खापर तुझ्यावर. कंत्राटदार हाकलून देईल. गप ऱ्हा."

"पण पट्टी काहून आली? कापलं तर काहीच नाय."

"मला काय इचारते? मी काय उंदीर हाय?"

रत्नमालानं ताट उचललं. पण डोक्यात एकच घोळत होतं. वास येईनासा झाला होता तो दोन दिवसांपुरता, नाक बंद झालं म्हणून, असं ती समजत होती. दाराला कडी घालावी आणि काढावी, तसं. कडी घातल्यानं घर पडतं का?

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मुंजाबा कामावर गेल्यावर तिनं तंबाखू, ओवा आणि लसूण खलला, तेलात कालवला आणि बोट स्वतःच्या नाकात फिरवलं. टाळूपर्यंत आग गेली. डोळ्यांतून पाणी, शिंकांवर शिंका. शेजारीण दारात येऊन विचारून गेली की रडायला काय झालं. संध्याकाळी तिला दूध उतू गेल्याचं कळलं ते डोळ्यांनी. जळका वास आलाच नाही. मुंजाबाचा घामेजला सदरा तिनं नाकाशी धरला. तोही कुणाचाच नव्हता.

ती भिंतीला टेकून बसली. आता आपल्या नाकात जेसीबी फिरत असेल का? कापलेलं काही नाही, तरी आला असेल? त्याला कुणी बोलावलं? तिला भीती वाटली आणि थोडं हसूही आलं, आणि दोन्हींतलं खरं कोणतं ते समजेना.

सोमवारी सोनिया भिंतीवरचे फोटो काढत होती.

"ताई, ते नका काढू."

"काय करू ठेवून? सर म्हणतात, संपलं."

"अकरा, बारा, एकोणीस, वीस, सदतीस, अडतीस." रत्नमालानं एका दमात म्हटलं. "त्या सहांची नाकं म्या बांधली हुती."

सोनियाला आधी काही कळलंच नाही. बांधली म्हणजे कशानं, दोऱ्यानं? मग रत्नमालानं चावाचावीपासून सांगितलं. तंबाखू म्हटल्यावर सोनिया स्टूलवर बसली. लसूण आणि मोहरीचं तेल म्हटल्यावर तिनं कपाळाला हात लावला.

"दोन्ही दिवस?"

"व्हय."

"आणि बाकीच्या दहा कोऱ्यांना?"

"त्ये चावतच नव्हते. कशाला लावू?"

"मावशी, मी आठवडाभर टँकरच्या पाण्याला शिव्या देत होते! तुम्हीपण दिल्या माझ्याबरोबर!"

"तवा मलाबी पाणीच वाटलं हुतं, ताई. देवाशप्पथ."

सोनिया ओरडेल असं वाटत होतं. ती ओरडली नाही. ती उठली, बसली, पुन्हा उठली आणि म्हणाली, "मला राग आलाय की सुटका झालीये, तेच कळत नाहीये. तुम्ही जरा पाणी द्या." मग आठवलं, पाणी उद्या येणार.

सरांनी रत्नमालाला समोर उभं करून सगळं पुन्हा ऐकलं, आणि वाटीत तो लेप करायला लावला. वाटी नाकाजवळ नेली आणि चटकन मागे घेतली. चष्मा काढून डोळे पुसले.

"जनावराच्या नाकातलं अस्तर यानं भाजलं असणार," ते म्हणाले. "धागे खालून जखमी झाले, कापले नाहीत तरी. वर विकर वाढलं. असं असू शकतं. पण असू शकतं म्हणून लिहिता येत नाही. मावशी म्हणतात म्हणूनही नाही."

"मग सर?"

"शेजारच्या विभागाकडे सात उंदीर शिल्लक आहेत. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीचं पत्र मी आणतो. तिघांना लेप लावा, तिघांना नुसतं पाणी. चार दिवसांनी बघा." ते रत्नमालाकडे वळले. आवाज चढलेला नव्हता. "झालेलं मी कंत्राटदाराला कळवणार आहे. लपवता येणार नाही. तुम्ही आपण होऊन सांगितलंत, हेही लिहीन. पुढं तो काय करील ते माझ्या हातात नाही."

पत्र दोन दिवसांनी आलं. सोनियानं पहिला उंदीर हातात घेतला, काडी नाकाशी नेली, तर त्यानं तिच्या अंगठ्याचा कडकडून चावा घेतला. दुसऱ्यांदाही तेच.

"ताई, तुमचा हात भितो. त्याला कळतं ते." रत्नमाला पुढं झाली आणि तिथंच थांबली. त्या दिवशी तिनं नाकं बांधली होती ती रक्त थांबावं म्हणून. आज कुणी कुणाला चावत नव्हतं. आणि चार दिवसांनी नळाशी जाऊन बसावं लागणार होतं. लेप लावला नाही तर पोरीची चार वर्षं जाणार. लावला आणि पट्टी आली, तर सिद्ध काय होणार? आपणच त्यांना भाजलं, हे. आणि पट्टी नाहीच आली तर आपण सुटलो, पोरगी बुडाली. आपण कशाची आशा धरावी, हे तिला त्या घडीला कुणी सांगितलं असतं तर तिनं ऐकलं असतं.

तिनं उंदीर तळहातावर घेतला, अंगठ्यानं त्याची मान खाजवली. तो सैलावला. तिनं नाक बांधलं. मग दुसऱ्याचं, तिसऱ्याचं.

"तीन झाले," सोनिया हळूच म्हणाली. "बस्स, मावशी."

"ह्यो सातवा?"

"तो शिल्लक आहे. त्याचं काही नाही."

"त्यालाबी लावू?" रत्नमालानं विचारलं. "अन् त्याला मारू नका. त्याचा वास परत येतो का, ते बघू. मला त्ये बघायचंय."

सोनियानं तिच्याकडे बघितलं, मग फोन उचलून सरांना विचारलं. सर बराच वेळ बोलले. "चालेल म्हणतात. पत्रात भर घालतील."

पाचव्या दिवशी निळ्या चकतीवर तीन पांढऱ्या पट्ट्या आल्या, आणि पाणी लावलेल्या तिघांच्या जागा निळ्याच राहिल्या. सोनिया प्रयोगशाळेतून धावत आली आणि तिनं रत्नमालाला भुशाच्या पोत्यासकट मिठी मारली. "आली मावशी! तिन्हीत आली! लेबलं बरोबर होती माझी!"

रत्नमाला हसली, कारण समोरची हसत होती. मनात तिच्या सासूनं नाक बांधलेल्या मेंढ्या एकामागून एक चालत होत्या, आणि त्यांना ते कोकरू पुढं खरंच आपलं वाटलं होतं का, हे आता कुणाला विचारायचं?

कंत्राटदारानं तिला काढलं नाही. प्राण्यांच्या खोलीतून तेवढं उचललं आणि दुसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात झाडायला लावलं. पगार तोच. सोनिया दोनदा भांडून आली, उपयोग झाला नाही. मुंजाबा म्हणाला, "बघ, म्या म्हणलं हुतं." मग थोड्या वेळानं म्हणाला, "पण हाकललं नाय की."

कुलूप लागायच्या आदल्या दिवशी सोनियानं तिला निरोप धाडला. सातव्या उंदराची परीक्षा होती. रात्रभर उपाशी ठेवलेला उंदीर, मोठी पेटी, तीन बोटं भुसा, आणि भुशाखाली कुठंतरी बिस्किटाचा तुकडा. वास येत असेल तर तो शोधून काढेल. सोनियाच्या हातात घड्याळ. रत्नमाला खराटा घेऊनच आली होती, कारण मुकादम खाली होता.

उंदीर सोडला. तो भिंतीच्या कडेनं एक फेरी फिरला. दुसरी फिरला. बिस्किटावरून सरळ चालत गेला आणि पलीकडच्या कोपऱ्यात अंग चाटत बसला.

"नाय येत," रत्नमाला म्हणाली.

"थांबा."

तो पुन्हा निघाला. मध्ये येऊन थबकला, नाक वर केलं, मिशा हलवल्या. मागे वळला. मग एकदम दोन्ही पुढच्या पायांनी भुसा उकरायला लागला, जरा बाजूलाच, जरा चुकीच्या जागी, आणि उकरता उकरता कडेला सरकला. तुकडा उघडा पडला. त्यानं तो दोन्ही हातांत धरला.

"सापडलं!" सोनियानं घड्याळ दाबलं.

"वासानं सापडलं, का उकरता उकरता लागलं?"

उंदीर मन लावून बिस्किट खात होता. खाली मुकादमानं रत्नमालाच्या नावानं हाक मारली.

"नाही सांगता येत, मावशी."

"मंग परत लावा," रत्नमाला म्हणाली. तिनं खराटा भिंतीला टेकवला आणि उंदराचं खाऊन होईपर्यंत खाली वाकून दुसऱ्या तुकड्यासाठी भुसा सारखा केला.